आधी माझं बोट

माझा फॉर्म

आमच्या गावातल्या तिशीच्या वरच्या प्रत्येक माणसाच्या कमरेचं माप मला तोंडपाठ आहे. यात मिरवण्यासारखं काही नाही, पण खरं आहे. मी आशा कार्यकर्ती, तेरा वर्षं झाली. नाव वंदना, पण गावात ते कोणी घेत नाही. सगळ्यांसाठी मी आशाबाई. गाव आर्वी तालुक्यातलं, रोहण्याच्या पुढं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण कमरा लोकांच्या आहेत आणि मला तिथंच राहायचं आहे.

शुगर आहे पण माहीतच नाही, अशी माणसं शोधायचं काम आमच्याकडं आलं. घरोघरी जायचं आणि प्रत्येकाचा फॉर्म भरायचा. वय किती, तंबाखू खाता का, चालणं-फिरणं होतं का, आईबापाला शुगर होती का, असे प्रश्न. शेवटी टेप लावून कमर मोजायची. प्रत्येक उत्तराला गुण, आणि गुण जितके जास्त तितकी काळजी जास्त. हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं, तरी एक रिटायर्ड गुरुजी सात गुण मिळाले म्हणून दोन दिवस खुशीत फिरत होते.

टेप लावला की बायका श्वास ओढून पोट आत घेत. पुरुष दोन्ही हात वर करून आढ्याकडं पाहत. मी सगळ्यांना एकच सांगे, श्वास सोडा, इथं ब्लाउज शिवायचा नाही आहे.

माझा स्वतःचा फॉर्म मी अगदी शेवटच्या दिवशी भरला. स्वयंपाकघरात, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधल्या वेळात. कमर लिहिली अठ्ठ्याहत्तर. हा आकडा मी लग्नानंतर पहिला पंजाबी ड्रेस शिवला तेव्हा शिंप्यानं काढला होता, आणि माझी मुलगी प्राची आता वर्ध्याला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. शिंप्यानं इंचात सांगितलं होतं, त्याचे सेंटिमीटर मात्र मी अगदी प्रामाणिकपणे केले. आईबापाला शुगर होती का, या प्रश्नाशी पेन जरासा थांबला. मग मी ‘नाही’ लिहिलं. वयाचे दोन गुण टाळता आले नाहीत, बाकी सगळीकडं शून्य. अख्ख्या गावात माझ्या वयाचा इतका सुंदर फॉर्म दुसऱ्या कोणाचा नव्हता.

हे सगळं लिहिते आहे ते दुसऱ्या आशाताईंसाठी. तुम्हीपण तुमचा फॉर्म असाच भरला असेल, मला माहीत आहे.

पंधरा कप

आता चहाचं सांगते, कारण चहा सोडून ही गोष्ट सांगताच येत नाही.

आमच्याकडं घरात आलेल्या माणसाला चहा पाजल्याशिवाय पाठवलं, तर ती बातमी होते. आशाबाई आली म्हणजे तर आतून आवाज जातो, साखर नीट टाकजो. साखर कमी पडली तर आपला मान कमी केला असं मला वाटेल, अशी त्यांना भीती. एका दिवसात मी पंधरा घरं करत होते. म्हणजे पंधरा कप, आणि कपात चमचा उभा राहील एवढी साखर. तो चहा पीत पीत मी समोरच्याला विचारायची की तुम्ही गोड जास्त खाता का. मी म्हणते, माझ्याइतकी मन लावून शुगर शोधणारी बाई जिल्ह्यात नसेल, घरोघरी जाऊन पीत होते.

त्या उन्हाळ्यात मला तहान फार लागायची. पण वर्धा जिल्ह्यातल्या उन्हात तहान लागली तर कोणाला नवल? बाथरूमला घडीघडी जावं लागायचं, ते पाणी जास्त प्यायल्यामुळं. थकवा यायचा, तो कामामुळं. डोळ्यांना धूसर दिसायचं, ते चाळिशीमुळं. वजन सहा किलो उतरलं, ते मात्र मी माझ्या कष्टाचं फळ मानलं. ह्या पाचही गोष्टी मी गावाला भिंतीवर पोस्टर लावून शिकवल्या होत्या. पोस्टर मी स्वतः चिकटवलं होतं, जरा तिरपं लागलं म्हणून परत काढून सरळ लावलं होतं.

मशीन बिघडली

माझ्या यादीत सगळ्यांत शेवटी उरले शेषरावजी. वय चौऱ्याहत्तर, तीस वर्षं पोस्टमन होते, आता पोराकडं राहतात आणि दिवसभर ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला कामाला लावतात. नात्यानं कोणी नाहीत, पण गावची सून म्हणून मी त्यांना मामाजी म्हणते. गावात मला वंदना म्हणणारे ते एकटेच. इतकी वर्षं पाकिटावरची नावं वाचली, त्यामुळं माणसाला हुद्द्यानं हाक मारणं त्यांना पटत नाही.

फॉर्म त्यांनी भरू दिला, कमर मोजू दिली. शुगर तपासायला बोट काही देईनात. मी चार चकरा मारल्या. प्रत्येक वेळी एकच उत्तर, मले काई झालं नाई, अन् झालं असन तं मले सांगू नोको.

पाचव्या चकरेला मी माझं ठेवणीतलं हत्यार काढलं. घाबरणाऱ्या माणसापुढं मी नेहमी स्वतःच्या बोटाला सुई टोचून दाखवायची. नुसती टोचायची, थेंब पुसून टाकायचा, शुगरच्या मशीनची पट्टी वाया घालवायची नाही. त्या दिवशी मात्र शेषरावजी म्हणाले, अर्धं काम काय दाखवते, पुरं दाखव. म्हटलं चला, ह्या म्हाताऱ्याच्या बोटासाठी एक पट्टी गेली तर गेली.

“पाहा मामाजी, मुंगी चावल्यावानी होते. पयले माह्यं बोट.”

टोचलं, थेंब पट्टीला लावला, मशीन आमच्या दोघांच्या मधे ठेवली. मशीननं पाच सेकंद विचार केला आणि आकडा दाखवला, तीनशे बारा.

मी मशीन हळूच माझ्याकडं वळवली. पण शेषरावजींनी उभा जन्म टपालाच्या टेबलावर उलटे पत्ते वाचण्यात घालवला होता. त्यांनी आकडा वाचला आणि माझ्याकडं पाहिलं.

“मशीन बिघडली वाटते, मामाजी,” मी म्हटलं.

“हाव,” ते म्हणाले, “बिघडली असन. दुरुस्त झाली का मंग येजो. तवर माह्यं बोट तुले भेटत नाई.”

ती बाई

घरी येऊन दार लावून परत पाहिलं. दोनशे नव्वद. आता माझी खात्रीच पटली की मशीन बिघडली आहे, कारण दोन वेळा दोन वेगळे आकडे येतात म्हणजे काय. दुसऱ्या दिवशी मी मशीन घेऊन उपकेंद्रात गेले. तिथल्या मॅडम वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेहून जाणं-येणं करतात. वयानं माझ्या प्राचीपेक्षा थोड्याच मोठ्या, पण कामाला फार नेटक्या. त्यांनी मशीन हातात घेतली, स्वतःचं बोट टोचलं. शहाण्णव. मग शिपायाचं टोचलं. एकशे आठ. मग मला विचारलं, कोणाचं जास्त दाखवलं?

“आहे एक बाई,” मी म्हटलं.

तोंडातून निघून गेलं. निघून गेल्यावर मला ते आवडलंसुद्धा. मॅडम म्हणाल्या, तिला उद्याच्या उद्या घेऊन या. मी म्हटलं, ती येत नाही म्हणते. का? घाबरते. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“तुम्ही समजवा ना तिला, वंदनाताई. तुमच्यासारखं समजावणं कोणाला जमतं?”

घरी येताना रस्ताभर मी त्या बाईला समजावलं. लवकर कळलं तर गोळीवर भागतं, उशीर केला तर डोळे, किडनी, पाय, सगळे मुद्दे काढले. बाई भलती हेकट निघाली. पुढचा महिनाभर दर मंगळवारी मॅडम मला विचारायच्या, त्या बाईचं काय झालं? मी सांगायची, तिच्या घरी लग्न आहे. मग सांगितलं, ती माहेरी गेली आहे. एकदा सांगितलं, तिचा नवरा नाही म्हणतो. माझ्या नवऱ्याला, प्रमोदला, ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. बिचारा शेतात सोयाबीनचं डवरणं, तण काढणं पाहत होता आणि उपकेंद्रात त्याची बदनामी चालली होती.

माझी आई

आता जे सांगायचं ते सरळ सांगते. त्या फॉर्ममध्ये पेन थांबला तो आईपाशी.

माझं माहेर देवळीजवळ. आईला शुगर होती. तिला ते माहीत होतं आणि तिनं ते आम्हाला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर पोरी काळजी करतील. गावातल्या कोणीतरी दिलेला कडू काढा ती चोरून प्यायची आणि आम्ही विचारलं तर म्हणायची, पोटासाठी आहे. मग पायाच्या अंगठ्याला चप्पल लागली. मग अंगठा काळा पडला. शेवटी पाय गुडघ्याखाली कापला. त्यानंतर ती तीन वर्षं खाटेवर होती, आणि खाटेवरून अख्ख्या घराला इतकं हसवायची की भेटायला आलेली माणसं रडायचं विसरून जात. गेली तेव्हा आम्ही सगळ्यांना सांगितलं, पायानं गेली. शुगर हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारला नाही. म्हणून मी फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं. खोटं लिहिलं.

मला आकड्याची भीती नव्हती, गोळ्यांची नव्हती. मला पायाची भीती होती. माझं सगळं काम पायांवर आहे. ह्या गावात मला चार माणसं ओळखतात ती मी चालत त्यांच्या दारी जाते म्हणून. खाटेवरच्या आशाबाईला कोण विचारणार, हा एकच विचार डोक्यात घोंगावत होता. दुसरी भीती लहान होती पण टोचायची. मला शुगर आहे असं कळलं, तर उद्या माझं कोण ऐकेल?

नवस

चहा तर सोडायला पाहिजे होता. पण कारण काय सांगणार? पहिल्याच घरी मी बोलून गेले की चहा सोडला, नवस आहे.

नवस म्हटल्यावर कोणी आग्रह करत नाही, एवढं मला बरोबर ठाऊक होतं. पण नवस म्हटल्यावर लोक गप्प बसत नाहीत, हे मी विसरले. दुपारपर्यंत गावानं ठरवलं की नवस प्राचीच्या लग्नाचा आहे. आठवड्याच्या आत रोहण्याहून एक स्थळ आलं. मुलगा कृषी केंद्रात, घर सिमेंटचं, फोटोसुद्धा पाठवला. प्राचीचा फोन आला. ती काय बोलली ते सगळं लिहीत नाही, पण तिनं शेवटी विचारलं की आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का.

शिवाय चहा सुटला म्हणून साखर सुटली असं नाही. चहा नाही म्हणता, मंग सरबत तरी घ्या, असं म्हणून बायका लिंबाचं सरबत करू लागल्या. चहात दोन चमचे जायचे, सरबतात चार जातात. एकीनं तर माझ्या नवसासाठी खास रसना मागवून ठेवलं. माझ्या भक्तीवर गाव खुश होतं आणि मी रोज अर्धा तांब्या साखरेचं पाणी पीत होते.

टाच

त्याच दिवसांत एका पडीक वावरातून आडवी जाताना गेल्या हंगामातल्या पऱ्हाटीचं धसकट टाचेत घुसलं. कापसाचं झाड कापल्यावर बुडाशी जो टोकदार खुंट उरतो, तो. चप्पल फोडून आत गेलं. मी ओढून काढलं, हळद भरली, कापडाची पट्टी बांधली आणि पुढच्या घरी गेले.

तीन आठवडे झाले तरी टाच भरेना. पण दुखत नव्हती, म्हणून मी निवांत होते. दुखत नसलेल्या पायाच्या जखमेला जास्त घाबरा, हे वाक्य मी मीटिंगमध्ये उभं राहून बोलले आहे, टाळ्यासुद्धा पडल्या होत्या.

प्रत्येक घरी उंबऱ्याबाहेर चप्पल काढायची आपली रीत. एका दिवशी शेषरावजींच्या सुनेच्या गोळ्या द्यायला गेले. ओसरीवरून आत गेले, परत आले. शेषरावजी खाली फरशीकडं पाहत होते. मी पाहिलं, माझ्या प्रत्येक डाव्या पावलामागं एक ओला लालसर ठिपका उमटला होता. मी पदरानं पुसायला वाकले. ते म्हणाले, राहू दे, मी पुसतो. बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या घरी आले. पोस्टातून रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा. प्रमोद वावरात गेला होता. मी खुर्ची दिली, ते बसले नाहीत. दारातच उभे राहून बोलले, जसे आयुष्यभर लोकांच्या दारात बोलले तसे.

“वंदना, मशीन बिघडली नवती.”

मी डावा पाय उजव्या पायामागं लपवला.

“तीस वर्सं लोकायचे कागद वाटले म्या,” ते म्हणाले. “चांगले वाटले, वंगाळ वाटले. घरात रडारड होईन म्हणून एकबी कागद मांगं नाई नेला. तुहा कागद तू महिना झाला पिशवीत घेऊन फिरून राह्यली. ज्याचा आहे त्याले देऊन टाक ना माय.”

मला रडू फुटलं. आईचं सगळं सांगितलं, पाय, खाट, तीन वर्षं, जे प्रमोदलासुद्धा कधी धड सांगितलं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकलं. धीर देणारं काही बोलले नाहीत, तो त्यांचा स्वभावच नाही. उलट चिडले.

“मंग तं तुले पयल्याच दिवशी जा लागत होतं. जाय आता. तू पाय घेऊन वापस आली, का मी तुले बोट देतो. एक काऊन, दाही देतो.”

ती बाई आली

त्याच सकाळी मी उपकेंद्रात गेले.

“मॅडम, ती बाई आली,” मी म्हटलं.

मॅडम खुश झाल्या. माझ्या मागं दाराकडं पाहिलं, उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन पाहिलं. परत आल्या. कुठं आहे? मी खुर्चीवर बसले होते. म्हटलं, बसली आहे. मॅडमना कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर त्यांनी डोक्याला हात लावला. हसावं की रागवावं असं त्यांना झालं असावं. मग त्यांनी दोन्ही केलं, आणि त्यातच विचारलं की लग्न कोणाचं होतं मग?

आकडा आला तीनशे चाळीस. मॅडमनं नवा फॉर्म काढला. टेप लावला तर मी श्वास ओढून पोट आत घेतलं. त्या म्हणाल्या, ताई, सोडा. सोडला. त्र्याण्णव. आईबापाला शुगर होती का? मी म्हटलं, आईला होती. एवढे दोन शब्द बोलायला मला इतकी वर्षं लागली. मग त्यांनी पट्टी सोडून टाच पाहिली आणि त्यांचं हसणं थांबलं. तासाभरात मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात होते.

दवाखाना

त्या दवाखान्यात मी शंभर वेळा गेले असेन, बाळंतिणींना घेऊन. त्यामुळं दारातला शिपाई म्हणाला, पेशंट कुठी आहे? केसपेपरवाल्यानं विचारलं, पेशंटचं नाव? वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, पेशंटला ह्या खाटेवर झोपवा आणि तुम्ही बाहेर थांबा. मी पेशंटला त्या खाटेवर झोपवलं.

मोठ्या डॉक्टरांनी टाच पाहिली आणि दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. दोघं इंग्रजीत बोलू लागले. मला इंग्रजी फारसं येत नाही, पण पाय कापण्याला काय म्हणतात तो एक शब्द मला पक्का माहीत आहे, आईच्या वेळेपासून. मी डोळे मिटून फक्त तो शब्द येतो का ऐकत राहिले. माझ्या आयुष्यात मी इतकं मन लावून कधीच काही ऐकलं नव्हतं. तो शब्द आला नाही. डॉक्टर मराठीत म्हणाले, जखम साफ करू, पाय राहील, आणखी पंधरा दिवस उशीर केला असता तर... पुढचं त्यांनी सोडून दिलं. तसली वाक्यं मी रोज लोकांसाठी पुरी करते, त्यामुळं मला काही अडलं नाही.

सहा दिवस होते. सकाळी ड्रेसिंग, मग राउंड, आणि दिवसातून चार वेळा बोट. सुई बोटाच्या मधोमध नाही, कडेला टोचली तर कमी दुखते, हे मला तिसऱ्या दिवशी सिस्टरनं सांगितलं. मी तेव्हापर्यंत अख्ख्या गावाला मधोमध टोचून आले होते. शेषरावजी उगाच भीत नव्हते.

दुसऱ्या दिवसापर्यंत वॉर्डाला कळलं की मी आशा आहे. मग काय, शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं मला गोळ्यांची वेळ विचारली, पलीकडचीनं सुनेच्या बाळंतपणाचं विचारलं, आणि चौथ्या दिवशी मी खाटेवर बसून त्यांना भेटायला आलेल्या नातेवाइकांच्या कमरा मोजत होते. डॉक्टर राउंडला आले तेव्हा माझ्या गळ्यात टेप होता. त्यांनी एक फॉर्म उचलून पाहिला आणि परत ठेवला.

प्रमोद रोज डबा आणायचा. पहिल्या दिवशी कारल्याची भाजी, दुसऱ्या दिवशी कारल्याचा रस, तिसऱ्या दिवशी मेथी, जांभळाच्या बियांची पूड आणि कोण्या साडभावानं, म्हणजे साडूनं, सांगितलेली एक काळी मात्रा. मात्रा मी त्यालाच परत दिली. भाकर तो स्वतः थापायचा. तिला तीन कोपरे असायचे. प्राची वर्ध्याहून आली, तिनं माझ्या खाण्याचं वेळापत्रक करून खाटेला चिकटवलं आणि नवसाचा विषय एकदाही काढला नाही, ही तिची मेहरबानी.

पाचव्या दिवशी प्रमोद खाटेशी बसला, माझ्या पायाच्या पट्टीचं सुटलेलं टोक नीट खोचलं. मग म्हणाला,

“तू अख्ख्या गावाले सांगत फिरते. मले काऊन नाई सांगतलं?”

मी म्हटलं, “तुमी चाय बंद केला असता.”

तो हसला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी गावातल्या नवऱ्यांना नेहमी सांगते की बायकोला काही झालं तर तिच्याशी बोला. तो बोलायला आला तेव्हा मीच चेष्टा केली. मग मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, चूक झाली. लग्नाला तेवीस वर्षं झाली, हे वाक्य त्यानं माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. घरी आल्यावर पाहिलं तर साखरेचा डबा गव्हाच्या कोठीच्या पार मागं गेला होता, आणि प्रमोद स्वतः चौकातल्या टपरीवर चोरून चहा पीत होता. पिऊ द्या, त्याची शुगर चांगली आहे. मी तपासली.

दाराशी उभं राहून

माझं कोण ऐकेल ही भीती फुकटची निघाली. माझ्या यादीतून तोंड चुकवणाऱ्या बायका आपणहून आल्या. आमचं पाहून घ्या बाई, तुमच्यासारखं नको व्हायला. ऐकायला बरं वाटत नव्हतं, पण बोटं मिळत होती. त्यांतल्या चौघींची शुगर काठावर निघाली, त्या आता संध्याकाळी देवळापर्यंत चालायला जातात आणि माझ्याच पायाच्या गोष्टी करतात.

चहाची युक्ती शेषरावजींनी शिकवली. पोस्टमनलाही घरोघरी चहा. ते म्हणाले, खुर्चीवर बसलं का चहा मांडते, दाराशी उभ्यानं बोलणाऱ्याले कोणी चहा मांडत नाई. तीस वर्षं हा माणूस गावभर दारात उभा राहिला तो ह्याच्यासाठी. मी आता फॉर्मसुद्धा उभ्यानं भरते.

दिलेला शब्द त्यांनी पाळला. मी घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी ओसरीवर दहाही बोटं पसरून बसले. मी कडेला टोचलं. समोर गूळ-शेंगदाण्याची वाटी अर्धी झालेली होती, तरी आकडा एकशे चार. मला खरं सांगू, राग आला. पाच चकरा मी ह्या आकड्यासाठी मारल्या.

तीन महिने गोळ्या घेतल्या. पहिले पंधरा दिवस मळमळ, मग सवय झाली. टाच भरली, पण डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की शुगर खाली आली नाही तर जखम परत उघडेल. तपासणीच्या दिवशी मी सकाळी उपाशीपोटी उपकेंद्रात गेले आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिले. आत जाववेना. पायात चप्पल होती, तरी मी टाच हातानं चाचपून पाहत होते. मॅडमनं दोनदा हाक मारली. मी म्हटलं, येते. तिथंच बसले.

तेवढ्यात शेषरावजी आले. कपाळावर घाम, काठी हातात, पायी आले होते. सरळ आत गेले, मॅडमसमोरच्या खुर्चीवर बसले आणि बोट पुढं केलं. मला दारातून हाक मारली.

“वंदना, ये अठी. पाह्य, पयले माह्यं बोट. सकाळपासून चाय नाई घेतला म्या.”

त्यांचा आकडा ब्याण्णव. मग ते उठले आणि खुर्ची माझ्याकडं सरकवली. मी बसले, बोट दिलं आणि आईच्या खाटेकडं पाहावं तशी भिंतीकडं पाहत राहिले. मशीननं तिचे पाच सेकंद घेतले. मला पाहायची हिंमत झाली नाही. टेबलाच्या पलीकडून शेषरावजींनी आकडा उलटा वाचला. एकशे अठरा.

ते काठी टेकून उठले आणि दाराकडं जाता जाता म्हणाले,

“हाव. दुरुस्त झाली मशीन.”